सगळं एकाच पीडीएफमध्ये: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

निरनिराळ्या प्रकारच्या फायली जोडून एकच पीडीएफ करण्याबद्दल आलेले काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. मेनूतली नावं इंग्रजी विंडोज आणि ऑफिसमध्ये दिसतात तशीच दिली आहेत.

आमच्या गृहनिर्माण संस्थेचं इतिवृत्त वर्डमध्ये आहे, जमाखर्च एक्सेलमध्ये, लेखापरीक्षकांचा अहवाल स्कॅन केलेली पीडीएफ आणि गच्चीच्या गळतीचे फोटो वेगळेच. सगळं एका साइटवर एकदम टाकलं. पीडीएफ झाली, पण जमाखर्चाचे शेवटचे दोन रकाने भलत्याच पानांवर गेले आणि इतिवृत्तात लाल खाडाखोड दिसते. दुसरी साइट वापरावी का?
(सचिव, ठाणे)

साइट बदलू नका, कामाचा क्रम बदला. पीडीएफला पीडीएफ जोडताना सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते त्याच्या आधी, वर्ड-एक्सेलची पीडीएफ होताना. पीडीएफमध्ये कोणतं अक्षर पानावर कुठे बसणार हे पक्कं असतं. वर्डच्या फाइलमध्ये नुसता मजकूर आणि त्याबद्दलच्या सूचना असतात, पान पडतं ते फाइल उघडल्यावर. साइटवर ती फाइल तुमच्या ऑफिसमध्ये उघडत नाही. तिथलं सॉफ्टवेअर वेगळं, फॉन्ट वेगळे, म्हणून पानंही वेगळी पडतात. तेव्हा प्रत्येक फाइलची पीडीएफ ज्या प्रोग्रॅममध्ये ती तयार झाली तिथेच करा, उघडून बघा आणि मग जोडा.

एक्सेलला सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो. 'पेज लेआउट'मध्ये 'ओरिएंटेशन' आडवं करा. शेजारी 'स्केल टू फिट' आहे, तिथे 'विड्थ' १ पान आणि 'हाइट' 'ऑटोमॅटिक' ठेवा. उंचीही १ केलीत तर दोनशे ओळींचा जमाखर्च एका पानात कोंबला जाईल आणि भिंग घेऊन वाचावा लागेल. 'प्रिंट टायटल्स'मध्ये शीर्षकाची ओळ निवडली की ती प्रत्येक पानावर येते. रकमेऐवजी ##### दिसत असेल तर रकाना अरुंद आहे. पीडीएफमध्येही तेच उमटेल आणि मग ती रक्कम कोणालाच कळणार नाही, म्हणून रकाना आधीच रुंद करा. शेवटी 'फाइल', 'एक्स्पोर्ट', 'क्रिएट पीडीएफ'. तिथल्या 'ऑप्शन्स'मध्ये 'एंटायर वर्कबुक' निवडलं नाही, तर समोर उघडी असलेली शीटच येते आणि जमा-खर्च पत्रक येऊन ताळेबंद मागे राहतो.

इतिवृत्तातली लाल खाडाखोड म्हणजे 'ट्रॅक चेंजेस'. 'रिव्ह्यू'मध्ये 'ॲक्सेप्ट ऑल चेंजेस' करा आणि शेरेही काढून टाका. बदल नुसते लपवून ठेवले तर फाइलमध्ये ते राहतातच आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा वर येतात. सभेत कोणी काय बोललं याचा कच्चा मसुदा सभासदांच्या हाती जाण्याचा हा राजमार्ग आहे. नंतर 'सेव्ह ॲज', प्रकार पीडीएफ. 'प्रिंट टू पीडीएफ'नेही काम होतं, पण त्यात दुवे मरतात आणि मथळ्यांवरून होणारे बुकमार्क मिळत नाहीत. 'सेव्ह ॲज'च्या 'ऑप्शन्स'मध्ये 'क्रिएट बुकमार्क्स युझिंग हेडिंग्ज' आहे. चाळीस पानांच्या अहवालाला ते जरूर लावा.

ऑफिस नसेल तर लिबरऑफिस फुकट आहे. मजकूर गुगल डॉक्समध्ये असेल तर 'फाइल', 'डाउनलोड', 'पीडीएफ'.

आता जोडणी. चारही पीडीएफची पानं मोजून ठेवा. जोडलेल्या फाइलची पानं तेवढीच भरली पाहिजेत; कमी भरली तर काहीतरी गळलंय.

वर्डमधला मराठी मजकूर माझ्या संगणकावर स्वच्छ दिसतो. ऑनलाइन पीडीएफ केली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला होतो. दुसऱ्या एका फाइलमध्ये अक्षरं मराठीच आहेत, पण जोडाक्षरं तुटली आहेत.
(मुद्रितशोधक, कोल्हापूर)

दोन फायलींचे आजार वेगळे आहेत.

पहिली फाइल जुन्या, युनिकोडपूर्व (म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत मिळण्याआधीच्या) फॉन्टमध्ये आहे: श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टपैकी एखादा. त्या फाइलमध्ये साठवलेली अक्षरं मुळात इंग्रजी आणि चिन्हंच असतात. फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. साइटच्या सर्व्हरवर तो फॉन्ट नाही, त्यामुळे आतलं जे आहे ते उघडं पडतं. तुमच्या संगणकावर पीडीएफ केली की फॉन्टमधली लागणारी अक्षरं पीडीएफच्या पोटातच जातात आणि मग ती जगात कुठेही तशीच दिसते. खात्री करायची असेल तर पीडीएफ ॲडोबी रीडरमध्ये उघडा, कंट्रोल-डी दाबा आणि 'फॉन्ट्स' हे पान बघा. फॉन्टच्या नावापुढे 'एम्बेडेड सबसेट' असलं की निर्धास्त राहा. काही फॉन्टना असं पोटात जायची परवानगीच नसते. त्यासाठी वर्डच्या पीडीएफ 'ऑप्शन्स'मध्ये 'बिटमॅप टेक्स्ट व्हेन फॉन्ट्स मे नॉट बी एम्बेडेड' ही खूण आहे. मग मजकूर चित्र म्हणून जातो. दिसतो बरोबर, पण त्यात शोधता येत नाही.

दुसरी फाइल युनिकोडमध्ये आहे, पण सर्व्हरवर मंगल किंवा निर्मला नसल्यामुळे दुसरा कुठला तरी देवनागरी फॉन्ट लागला, किंवा तिथल्या सॉफ्टवेअरला जोडाक्षरं जुळवता आली नाहीत. फॉन्ट बदलला की ओळींची रुंदीही बदलते आणि तीन पानांचा अर्ज सव्वातीन पानांचा होतो. सही चौथ्या पानावर एकटी. उपाय तोच, पीडीएफ स्वतः करा. दुसऱ्याने करून दिलेली पीडीएफ तपासताना 'दुसऱ्या', 'ॲड.', 'श्री', 'क्षेत्र', 'अर्ज' हे शब्द आधी शोधा. सदोष रूपांतर पहिल्यांदा अर्ध्या ऱ्यावर अडतं आणि 'ॲ'च्या जागी चौकोन येतो. हे शब्द शाबूत असले तर बाकीचं बहुधा ठीक असतं.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, फेरफार आणि बँकेचे कागद जोडून एक पीडीएफ केली. बँकेतल्या साहेबांनी सही अवैध आहे म्हणून परत पाठवली. मूळ फाइल तर बरोबर आहे.
(शेतकरी, राहुरी)

मूळ फाइल बरोबरच आहे; सही जोडताना गेली. डिजिटल स्वाक्षरी म्हणजे पानावरची हिरवी खूण नव्हे. सही करताना फाइलमधल्या मजकुराचं गणित मांडून ते फाइलमध्येच नोंदवलेलं असतं. नंतर एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी ते गणित जुळत नाही, आणि जोडणी म्हणजे तर नवी फाइल लिहिणं. म्हणून सही एकतर गळते किंवा अवैध दिसते. क्रोममध्ये उघडून 'सेव्ह ॲज पीडीएफ' केलं तरी हेच होतं. सहीचं चित्र राहतं, सही जाते. डिजिलॉकरमधले दाखले, ई-आधार, ई-पॅन यांनाही हेच लागू. यावर उपाय विकणाऱ्या साइटच्या नादी लागू नका, कारण सही टिकवून पानं जोडणं शक्य नाही.

सही असलेल्या फायली मूळ रूपात, वेगळ्याच पाठवा. बँक एकच पीडीएफ हवी म्हणत असेल तर वाचायला जोडलेली प्रत द्या, सोबत मूळ फायली द्या आणि पहिल्या पानावर यादी करून सातबाऱ्यावरचा पडताळणी क्रमांक त्यात लिहा. त्या क्रमांकावरून महाभूमीच्या संकेतस्थळावर उतारा तपासता येतो, त्यासाठी फाइलमधली सही लागत नाही.

आणखी एक. मूळ फाइल ॲडोबी रीडरमध्ये उघडल्यावर सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं म्हणजे सही खोटी असं नव्हे. त्या संगणकाने भारतातल्या प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेला अजून विश्वासू मानलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. सहीवर उजवं बटण दाबून तिच्या गुणधर्मांत जाऊन प्रमाणपत्र विश्वासू यादीत घालता येतं.

मोबाइलवर काढलेल्या गुणपत्रिकांच्या फोटोंची पीडीएफ केली. काही पानं आडवी, काही प्रचंड मोठी, आणि मैत्रिणीच्या आयफोनचे फोटो साइट घेतच नाही.
(विद्यार्थिनी, नांदेड)

आडवी पानं: मोबाइल फोटो फिरवून साठवत नाही, 'हा उभा दाखवा' अशी चिठ्ठी फाइलला लावतो. काही साइट ती चिठ्ठी वाचत नाहीत. गॅलरीत फोटो एकदा फिरवा, पुन्हा सरळ करा आणि सेव्ह करा. सहसा एवढ्याने भागतं.

प्रचंड पानं: ४००० बाय ३००० बिंदूंचा फोटो साइटने इंचाला ७२ बिंदू धरून बसवला तर पान सुमारे १४१ सेंटिमीटर रुंद होतं. छापताना किंवा ए४च्या पानांशेजारी ठेवताना ते कळतं. फोटोंची पीडीएफ करताना पानाचा आकार विचारतात, तिथे 'फिट' न ठेवता 'ए४' निवडा. यूएस लेटर चुकूनही नको. तो कागद ए४पेक्षा रुंदीला ६ मिलिमीटर जास्त आणि उंचीला १८ मिलिमीटर कमी असतो.

आयफोनचे फोटो २०१७पासून 'एचईआयसी' या प्रकारात साठतात. आयफोनच्या 'सेटिंग्ज', 'कॅमेरा', 'फॉरमॅट्स'मध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' केलं की पुढचे फोटो जेपीजीत येतील. आधीच काढलेले असतील तर फोटो 'फाइल्स' ॲपमध्ये ठेवा, सगळे निवडा आणि खालच्या तीन टिंबांत 'क्रिएट पीडीएफ' दाबा. साइटची गरजच नाही.

विंडोजवरही फोटोंसाठी साइट लागत नाही. सगळे फोटो निवडा, जो पहिला यायला हवा त्याच्यावर उजवं बटण दाबा, 'प्रिंट', मग 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ'. 'फिट पिक्चर टू फ्रेम'ची खूण काढा, नाहीतर गुणपत्रिकेच्या कडा कापल्या जातात, आणि बैठक क्रमांक बहुतेक वेळा कडेलाच असतो.

फोटो व्हॉट्सॲपवरून मागवायचे तर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला सुमारे १६०० बिंदूंचा होऊन येतो. ए४वर ते इंचाला जेमतेम १३७ बिंदू. नाव वाचता येईल, शिक्का नाही. त्याहून बरं म्हणजे गुगल ड्राइव्हच्या ॲपमधला स्कॅन वापरा. तो कागदाच्या कडा ओळखतो, सावली कमी करतो आणि बरीच पानं एकाच पीडीएफमध्ये देतो.

पासवर्ड असलेली ई-आधारची पीडीएफ जोडली जात नाही.
(वाचक, पनवेल)

कुलूप काढल्याशिवाय जोडली जाणार नाही. पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मवर्ष. क्रोममध्ये पासवर्ड देऊन उघडा, कंट्रोल-पी, 'सेव्ह ॲज पीडीएफ'. ही प्रत विनाकुलूप होते, पण वर सांगितल्याप्रमाणे तिच्यातली सही जाते. हे काम कुलूप काढून देणाऱ्या साइटवर करू नका. आधार आणि त्याचा पासवर्ड दोन्ही एकाच अनोळखी हाती कशाला द्यायचे?

पूर्ण आधार क्रमांक मागितलेला नसेल तर डाउनलोड करतानाच 'मास्क्ड आधार' निवडा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. बरेच जण पीडीएफवर काळा चौकोन काढून क्रमांक झाकतात. तो चौकोन वर ठेवलेला असतो, खालचे आकडे तसेच असतात. पानावर कंट्रोल-ए, कंट्रोल-सी करून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. झाकायचंच असेल तर चौकोन काढल्यावर त्या पानाचं जेपीजी करा आणि त्या जेपीजीची पीडीएफ जोडा.

पोर्टलवर २५६ केबीची मर्यादा आहे आणि माझी चार पानांची फाइल ९ एमबीची. कॉम्प्रेस केली तर अक्षरं पुसट होतात.
(शिक्षक, धाराशिव)

झालेली पीडीएफ दाबत बसण्यापेक्षा आधी फोटो लहान करा. जेपीजी प्रत्येक वेळी दाबताना थोडी खराब होते आणि तीनदा दाबली की अक्षरांभोवती धूळ उठते. मूळ फोटोकडे परत जा, कागदाबाहेरचं टेबल कापून टाका आणि पान १२४० बाय १७५४ बिंदूंवर आणा. ए४साठी ते इंचाला १५० बिंदू होतात. रंग नको असेल तर राखाडी करा.

चार पानं २५६ केबीत म्हणजे पानाला ६४ केबी. राखाडी फोटोत हे कठीण जातं. छापील मजकूर असेल तर स्कॅनरवर किंवा स्कॅन ॲपमध्ये निव्वळ काळं-पांढरं करा, इंचाला २०० बिंदू. पान पुष्कळदा त्या मर्यादेत बसतं आणि अक्षरं टोकदार राहतात. अडचण शिक्क्यांची. फिकट निळा किंवा जांभळा शिक्का काळ्या-पांढऱ्यात गायब होतो, आणि शिक्का नसलेला दाखला म्हणजे नुसता कागद. शिक्क्याचं पान राखाडी, बाकीची काळी-पांढरी, अशी सरमिसळ चालते. पोर्टल प्रत्येक दाखला वेगळा घेत असेल तर जोडूच नका.

वर्डमधून केलेली पीडीएफ मुळातच हलकी असते. तीच छापून, स्कॅन करून पुन्हा पीडीएफ करण्याची सरकारी कचेऱ्यांत पडलेली सवय आकार अनेक पटींनी वाढवते.

अशा साइटवर कागद टाकणं सुरक्षित आहे का?
(अनेकांचा प्रश्न)

कागदावर अवलंबून. सोसायटीची नोटीस खुशाल टाका. आधार, पॅन, बँकेची विवरणं, आजाराचे अहवाल, न्यायालयीन कागद टाकू नका. आयलव्हपीडीएफ, स्मॉलपीडीएफ, सेज्दा यांसारख्या नावाजलेल्या साइट काही तासांत फायली पुसत असल्याचं सांगतात, पण तोवर फाइल त्यांच्या सर्व्हरवर असते. काही साइट फाइल वर न पाठवता ब्राउझरमध्येच जोडतात. ओळखायचं असं: पान पूर्ण उघडू द्या, वाय-फाय बंद करा, मग फायली जोडा. जोडल्या गेल्या तर काम तुमच्याच संगणकावर होतंय.

नेहमीचं काम असेल तर संगणकावरच सोय करा. विंडोजसाठी पीडीएफ२४ क्रिएटर फुकट आहे. पीडीएफसॅम बेसिक विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. मॅकवर काही उतरवायलाच नको: फाइंडरमध्ये फायली निवडा, उजवं बटण, 'क्विक ॲक्शन्स', 'क्रिएट पीडीएफ'.

नावात १ ते १२ आकडे घालूनही फायली १, १०, ११, १२, २ अशा लागतात.
(वाचक, सोलापूर)

साइट आकडे मोजत नाही, अक्षरं लावते. विंडोज मात्र मोजते, म्हणून तुमच्या फोल्डरमध्ये क्रम बरोबर दिसतो. एक ते नऊच्या आधी शून्य घाला आणि आकडे इंग्रजीच ठेवा. देवनागरी आणि इंग्रजी आकडे मिसळले तर आधी सगळे इंग्रजी लागतात, मग देवनागरी. फाइलचं नावही रोमन अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता ठेवा. बरीच सरकारी पोर्टलं मराठी नाव घेत नाहीत आणि नकार देताना कारणही सांगत नाहीत.

दोन भरलेले अर्ज जोडले तर दुसऱ्यावर पहिल्याचंच नाव आलं. एका जुन्या फॉर्मच्या जागी तर 'प्लीज वेट' एवढंच आलं.
(करसल्लागार, नाशिक)

भरता येणाऱ्या फॉर्ममध्ये प्रत्येक रकान्याला आतून नाव असतं. एकाच कोऱ्या फॉर्मच्या दोन प्रतींत नावं सारखीच, म्हणून जोडल्यावर दोन्हींत एकच मजकूर दिसतो. जोडण्याआधी दोन्ही 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ'ने छापून घ्या, रकाने सपाट होतात. 'प्लीज वेट'वाला फॉर्म एक्सएफए प्रकारचा आहे. त्याचा खरा मजकूर ॲडोबी रीडरसारख्या मोजक्याच प्रोग्रॅमना वाचता येतो, बाकीच्यांना ते एकच पान दिसतं. रीडरमध्ये उघडा, तिथूनच छापा, मग जोडा.

आमचा स्कॅनर कागदाची एकच बाजू घेतो. साठ पाठपोट कागदांच्या पुढच्या बाजूंची एक आणि मागच्यांची एक अशा दोन पीडीएफ झाल्या आहेत. एकेक पान ओढून लावायचं का?
(ग्रंथपाल, वाई)

नको. पीडीएफसॅम बेसिकमध्ये 'आल्टरनेट मिक्स' आहे, ते दोन फायलींतली पानं एकाआड एक घेतं. गठ्ठा जसाच्या तसा उलटा करून मागची बाजू स्कॅन केली असेल तर ती फाइल शेवटच्या पानापासून सुरू होते. तिच्यापुढच्या 'रिव्हर्स'वर खूण करा. आधी दोन्ही फायलींत बरोबर साठ-साठ पानं आहेत का ते बघा. स्कॅनरने कुठे दोन कागद एकदम ओढले असतील तर तिथून पुढची प्रत्येक मागची बाजू भलत्याच पानाला लागेल.